जिथे लाल होत नाही

१२ जानेवारी

ही डायरी बायकोने आणून दिली. "नोकरी सोडल्यापासून दिवसभर माझ्या कानाशी भुणभुण लावलीये तुम्ही. आता जे काय बोलायचं ते ह्यात बोला," म्हणाली. बायको आहे का कोण आहे! पण कागद जाड आहे, शाई फुटत नाही. लिहितो.

इतकी वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात इमारतींची मॉडेल्स केली. पुठ्ठ्याची नव्हेत, कॉम्प्युटरवरची. आर्किटेक्टने नकाशा फेकायचा आणि मी त्यातली भिंत न् भिंत उभी करायची, म्हणजे घर बांधायच्या आधीच गिऱ्हाईक आतून फिरून येतं. नाव आर्किटेक्टचं, डोळे फुटायचे माझे. आता माझं स्वतःचं काम, माझ्या घरून. शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, "घरून? बघा बुवा. घरात माणसं असतात." सगळे खी खी करून हसले. मीही हसलो, पण तेव्हापासून डोकं सणकलंय.

माणसं कसली? मूल ना बाळ, मी आणि ही. अण्णा, म्हणजे माझे वडील, सध्या ताईकडे आहेत. मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. ताईच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे आणि दवाखाना जवळ, म्हणून नीट चालायला लागेपर्यंत तिकडे. त्यांची खोली रिकामी पडलीये. खाली, दर्शनी बाजूला, दोन खिडक्या, दिवसभर एकसारखा उजेड, स्क्रीनवर चकाकी येत नाही. आणि मी बसलोय जेवणाच्या टेबलावर, एका हाताशी माउस आणि दुसऱ्या हाताशी मिठाची बरणी.

१५ जानेवारी

आज प्लगइन लावली. ऑफिसात साहेब लावू द्यायचे नाहीत, म्हणायचे हात बिघडतो. काडीचा बिघडत नाही!

प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरच्या हाताखाली ठेवलेला गडी. जिन्याचा गडी वेगळा, खिडक्यांचा वेगळा, छपराचा वेगळा. मजल्याची उंची सांगितली की पायऱ्या तो पाडतो, कठडा तो लावतो, वर पॉलिशसुद्धा मारून देतो. ह्याच कामात माझे दोन-दोन दिवस जायचे आणि साहेब पाठीमागे उभे राहून पेन टकटकवायचे. आज चहा गार व्हायच्या आत जिना उभा. मी उठून नाचलो, खरंच नाचलो. हिने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि परत आत गेली.

सगळ्यात लाडकं झालंय ते टक्कर दाखवणारं. दोन वस्तू एकमेकींच्या जागेत घुसल्या की ते त्यांना लाल करतं. कपाटाचं दार पलंगावर आपटतं? लाल. माणसाभोवती वळण्यापुरतं मोकळं रिंगण आखून द्या, त्या रिंगणात काहीही आलं की माणूसच लाल. आरडाओरडा नाही, शिक्षा नाही, नुसतं दाखवतं की इथे बसत नाही. माझ्या लहानपणी ह्या घरात असं काहीतरी असायला हवं होतं.

१९ जानेवारी

सरावासाठी आपलंच घर घेतलं. खाली हॉल, स्वयंपाकघर, मोरी आणि अण्णांची खोली; वर छपराखाली आमची झोपायची जागा. मापं घ्यायला टेपचं दुसरं टोक हिने धरलं.

"अहो, अण्णांची खोली हॉलपेक्षा मोठी आहे!"

"ठाऊक आहे मला."

"आणि आत काय, तर एक पलंग नि एक कपाट. मी काही म्हणत नाही हं, नुसतं सांगते."

तिचं हे 'नुसतं सांगणं' मी लग्नापासून ओळखतो.

मॉडेलमध्ये एक तरी माणूस लागतो, नाहीतर खोली लहान का मोठी ते डोळ्याला कळत नाही. तयार माणसं मिळतात, पण सगळी सूटबूटवाली, हातात कॉफीचा कप. म्हणून अण्णांचा फोटो घेतला, हॉस्पिटलातून सोडलं त्या दिवशीचा. वॉकर धरून उभे, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. कडेने नीट कापला आणि 'अण्णा' नावाने लायब्ररीत टाकला. लायब्ररीत मूळ वस्तू एकच असते, मॉडेलमध्ये दिसतात त्या सगळ्या तिच्या नकला. मूळ बदललं की सगळ्या नकला आपोआप बदलतात, मग त्या कुठल्याही फाइलीत असोत. एखादी सुटी ठेवायची तर 'वेगळी कर' असं मुद्दाम सांगावं लागतं.

पलंगाशेजारी अण्णांना उभं केलं, वॉकरसकट वळता यावं एवढं रिंगण दिलं. एकदम खोली खरी वाटायला लागली. मग सहज म्हणून त्यांची खोली आणि हॉल ह्यांच्या मधली भिंत पुसली. नुसती बघायला. काय उजेड आला! हिला हाक मारली.

"माझं टेबल इथे. गिऱ्हाइकांच्या खुर्च्या तिथे."

"आणि अण्णा?"

"हे काय, आहेत की."

अण्णा चकाचक ऑफिसच्या मधोमध वॉकर धरून, तोंड वाकडं करून उभे होते. आम्ही दोघंही पोट धरधरून हसलो. फार दिवसांनी हसलो असे.

२२ जानेवारी

अण्णांचा फोन. "चालतोय मी आता. कधी नेतोस?"

"तुमच्या भिंतीला ओल आलीये अण्णा. पोपडे निघालेत. दुरुस्ती करून घेतो, मग या."

"माझ्या भिंतीला ओल? नळ तर पलीकडे आहे."

"आता आली त्याला मी काय करू?"

मग म्हणाले, "वाळव लवकर," आणि फोन ठेवला. उगाच अपराध्यासारखं वाटलं मला. का वाटावं? ओल येऊ शकते की.

अण्णा शाळेत पी.टी. शिकवायचे, आणि मी त्याच शाळेत. शाळेच्या फाटकाच्या आत त्यांना 'सर' म्हणायचं. एकदा चुकून 'अण्णा' म्हटलं तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आणि एकदा माझ्या बुटाची नाडी सुटली होती. सगळी शाळा वर्गात गेली, मला एकट्याला मैदानात उभं केलं, भर उन्हात. सरळ उभा राहा. हात बाजूला, नजर समोर. पाय लटपटायला लागले तेव्हा मी विचारलं, "बसू का सर?" म्हणाले, "अजून नाही." इतर पोरांपेक्षा मला जास्त वेळ उभं करायचे, म्हणजे कुणी म्हणायला नको की स्वतःच्या पोराला सोडलं. वर्गाच्या खिडक्यांतून सगळे बघत होते.

असो. मी काही मनात ठेवणारा माणूस नाही. उगीच आठवलं.

३० जानेवारी

पहिलं मोठं गिऱ्हाईक! बिल्डर आहेत. घरात शिरायच्या आधी त्यांचा वास शिरतो, म्हणून हिने त्यांचं नाव अत्तरवाले ठेवलंय. म्हाताऱ्या माणसांसाठी राहायची इमारत बांधतात. एक बांधून झाली, लोक राहताहेत, आता शेजारी दुसरी. तिची फिल्म हवीये, बाहेरून आत, मजल्यामजल्यावरून, खोल्याखोल्यांतून. आणि लगेच हवीये.

जेवणाच्या टेबलाशी बसवावं लागलं त्यांना. खुर्ची करकरली. त्यांनी मिठाच्या बरणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऑफिस कुठे आहे तुमचं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हटलं, "काम चालू आहे, पुढच्या वेळी याल तेव्हा तयार असेल."

बोललो खरा. आता माघार नाही.

४ फेब्रुवारी

अत्तरवाल्यांची इमारत उभी झाली. साहेबांनी ह्याला महिना लावला असता. सगळ्या खोल्या एका साच्याच्या, मग एकच करायची आणि नकला पसरवणाऱ्या प्लगइनला सांगायचं, सगळ्या मजल्यांवर मांड. ती एक तरी कोरी करकरीत कशाला करा? आपल्या घरचं मॉडेल होतंच. अण्णांचा पलंग उचलला, अण्णांचं कपाट उचललं, शेजारी अण्णा. खोली तयार. क्लिक केलं आणि इमारतभर अण्णाच अण्णा, खिडकीखिडकीत वॉकर धरून उभे.

मग टक्कर तपासली. इमारतीत एकही लाल नाही! सगळीकडे रिंगणासकट फिट्ट. हिला दाखवायला बोलावलं तर बघून म्हणाली, "काहीतरीच दिसतंय हो हे." तिला ह्यातलं कळत नाही.

९ फेब्रुवारी

गवंडी आला, भिंत पाडली. मॉडेलमध्ये पुसायला क्षणही लागत नाही, इथे धुळीने नाकात दम आला. पलंग जिन्याखाली उभा करून ठेवलाय, कपाट भंगारवाल्याला दिलं, तसंही दार लागत नव्हतं त्याचं.

भिंतीवर खिळ्याला अण्णांची पी.टी.ची शिट्टी होती. गवंडी म्हणाला, "ही ठेवायची का?" मी सहज फुंकून बघितली. एवढी मोठी वाजली की मीच दचकलो. ही आतून ओरडली, "ठेवा ती खाली! अण्णांना सांगितलंय का तुम्ही भिंतीचं?"

"बघतील की आल्यावर."

"सांगितलंय का, ते विचारते मी."

"तू टेप धरलीस तेव्हा नाही विचारलंस!"

शिट्टी कुठेतरी ठेवली होती, नंतर सापडली नाही. मातीबरोबर गेली असणार.

१६ फेब्रुवारी

नव्या ऑफिसात अत्तरवाले आले. "वा!" म्हणाले. हा 'वा' ऐकायला मी नोकरी सोडली होती.

फिल्म पाहिली. सगळं पसंत, फक्त म्हातारा नापसंत. "अहो, हे वॉकर कशाला? वॉकर बघून कोण येईल? आणि चेहरा बघा, जसं काही कुणी आणून टाकलंय इथे. हसवा त्याला. केस काळे करा. ताठ करा जरा."

बिघडलं कुठे? मूळ अण्णा उघडले. वॉकर पुसला, पाठ सरळ केली, केस रंगवले. तोंडाच्या कडा वर उचलल्या की माणूस हसतो, तेवढंच असतं ते. सेव्ह केलं आणि इमारतीतले सगळे अण्णा एकदम हसायला लागले. रिंगण मात्र काढलं नाही. इमारतीच्या नियमाला ते लागतं.

आमच्या घरच्या मॉडेलमध्येही तेच झालं, लायब्ररी एकच ना. मी फाइल उघडली तेव्हा ही मागे उभी होती.

"हे कोण?"

"अण्णा."

"असे कधी होते ते?"

खरं सांगायचं तर मला बरे वाटले असे. असे असते तर किती बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी

फिल्म सगळीकडे गेली. अत्तरवाल्यांनी ती त्यांच्या ऑफिसच्या काचेत मोठ्या पडद्यावर लावलीये, रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. जाहिरातीच्या कागदावरही अण्णाच छापलेत. फोनवरून फिरत फिरत भाऊजींच्या फोनवर आली, त्यांनी ताईला दाखवली, ताईने मला फोन लावला. आवाज कापत होता.

"तू अण्णांना विचारलंस?"

"फोटो वापरायला काय विचारायचं? घरातलेच तर आहेत."

"फोटोचं नाही बोलत मी! तू त्यांना तिकडे ठेवणार आहेस का?"

"कुणी सांगितलं? अगं, नमुना आहे तो. माणूस लागतो मॉडेलमध्ये."

काय बोलणार ताईशी! तेवढ्यात अण्णांनी फोन घेतला. म्हटलं, आता ऐकावं लागणार. पण ओरडले नाहीत. म्हणाले, "पाहिली मी फिल्म. पुन्हा पुन्हा पाहिली. ह्यातली माझी खोली कुठली?"

मला हसूच आलं. "सगळ्याच तुमच्या, अण्णा!"

तेही हसले असावेत. आवाज काही आला नाही. बरं झालं, गोडीत घेतलं त्यांनी.

२५ फेब्रुवारी

नेमकं आजच यायचं होतं. मी व्हिडिओ कॉलवर, पलीकडे नव्या गिऱ्हाइकाची सगळी फौज बसलेली, आणि इकडे वॉकरची टकटक. ताईने न कळवता टॅक्सीने आणलं. मी टेबलाखालून हाताने खूण केली, थांबा. अण्णा थांबले. त्यांच्या खोलीचं दार होतं तिथे आता फरशीत नुसता एक पट्टा राहिलाय, त्या पट्ट्याच्या अलीकडेच उभे राहिले, आत आले नाहीत. कॉल लांबला. बसा म्हणायला हवं होतं, पण बोललो असतो तर तिकडे ऐकू गेलं असतं. आणि ज्या खुर्च्या होत्या त्या कॅमेऱ्यात येत होत्या.

कॉल संपल्यावर अण्णा म्हणाले, "वाळली वाटतं ओल."

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"माझी शिट्टी?"

"शोधतो."

मग ताईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. लाज नाही वाटत, म्हातारपणी बापाची खोली घेतोस, वगैरे वगैरे. मी म्हटलं, "एवढं वाटतंय तर तुझ्याकडे ठेव ना कायमचे." ती एकदम गप्प झाली. मला ठाऊक होतं ती गप्प होणार. आतल्या खोलीत तिच्या सासूबाई, अण्णा हॉलमध्ये कॉटवर, आणि भाऊजी अलीकडे टीव्ही बंद करून चपला आपटत बाहेर निघून जातात, हे तिनेच हिला सांगितलं होतं. ते वर्मी लागावं म्हणूनच मी बोललो. लागलं.

"भांडू नका," अण्णा म्हणाले. "ते तुझं दाखव. आपल्या घराचं."

मी उघडलं. अण्णा वाकून बघायला लागले.

"हा कोण?"

"तुम्ही."

"वॉकर कुठाय?"

"क्लायंटला नको होता."

"आणि हसतोय कशाला?"

"तेही क्लायंटनेच सांगितलं."

"लाल का दिसतोय मी?"

मी समजावून सांगितलं. चपलांच्या मांडणीपाशी ठेवले होते, रिंगणात मांडणी येत होती. "मग दुसरीकडे ठेव," म्हणाले. तेवढ्यापुरता मला हुरूपच आला, प्लगइन किती झटपट दाखवतं ते कुणी तरी नीट बघत होतं. हॉलमध्ये ठेवले, सोफा आडवा आला, लाल. जिन्याखाली ठेवले, डोकं पायऱ्यांत घुसलं, लाल. स्वयंपाकघराच्या दाराशी लाल. वर आमच्या खोलीत नेऊन बघितले, तिथे आमचाच पलंग. प्रत्येक वेळी ते हसत हसत लाल व्हायचे. शेवटी ऑफिसच्या मधोमध ठेवले, खुर्च्या आड आल्या, लाल.

"गिऱ्हाइकांच्या दोन खुर्च्या काढल्या तर?" ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. पदराला हात पुसत उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"खुर्च्या काढल्या तर ऑफिस कसलं?"

अण्णांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"राहू दे," म्हणाले. "त्या बिल्डरकडे होतो का रे मी लाल?"

"छे! एकाही खोलीत नाही. सगळीकडे बसता तुम्ही."

मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. आता लिहिताना कसंसंच होतंय, पण तेव्हा अभिमानच वाटला.

"मग तिथलंच बघ," अण्णा म्हणाले आणि वॉकर वळवायला लागले. वळायला जागा कमी पडली, ताईने खुर्ची सरकवली. ती रडत होती. मी मात्र सुटलो. हे लिहू नये, पण माझा जीव भांड्यात पडला.

२६ फेब्रुवारी

ही जेवली नाही. मी जेवलो. वाईट वाटतंय मलाही, दगड नाहीये मी. पण जा असं मी एकदा तरी म्हटलं का? स्वतः म्हणाले ते. सगळ्यांसमोर म्हणाले.

८ मार्च

अण्णांना अत्तरवाल्यांच्या पहिल्या इमारतीत जागा मिळाली. माझी ओळख म्हणून रांगेत थांबावं लागलं नाही. सोडायला ताई गेली. मला नव्या क्लायंटला फाइल द्यायची होती, जमलं नाही. जिन्याखालचा पलंगही तिने नेला असता, पण तिथे त्यांचे पलंग ठरलेले असतात.

१७ मार्च

काम एवढं वाढलंय की कॉम्प्युटर धापा टाकतो. आज साफसफाईचं प्लगइन लावलं. ज्या वस्तू मॉडेलमध्ये लागत नाहीत त्या ते हुडकून काढतं आणि टाकून देतं. आधी आपल्या घरच्या फाइलीवरच चालवलं. अण्णांची नक्कल अजून ऑफिसच्या मधोमध लाल होऊन उभी होती, ती पुसली. मग टक्कर तपासली, घरात आता लाल काहीच नाही. प्लगइनने काहीतरी विचारलं, मी 'हो' दाबलं. फाइल केवढी हलकी झाली!

१९ मार्च

अत्तरवाल्यांचा फोन. शिव्याच घातल्या. बुकिंगच्या कार्यक्रमासाठी काल घाईघाईत, नीट न बघता फिल्म नवी करून दिली होती, ती लोकांसमोर लावली आणि सगळ्या खोल्या रिकाम्या! नुसते पलंग. "इमारतीत काय मयत झालीये का?" म्हणाले.

मी लायब्ररी उघडून पाहिली. प्लगइनने विचारलं होतं ते हे, की लायब्ररीतूनही काढू का. मी न वाचता 'हो' म्हटलं आणि मूळ अण्णाच गेले. मूळ गेलं की सगळ्या नकला गेल्या. मी म्हटलं, दुसरा म्हातारा घालून देतो, तयार मिळतात. तर म्हणाले, "वेड लागलंय का? तोच चेहरा छापलाय कागदावर. लोक तेच आजोबा विचारत येतात. तेच पाहिजेत, आणि परवाच्या आत, नाहीतर दुसरा माणूस बघतो मी."

जुना फोटो आहे, पण वॉकर, हॉस्पिटलचा सदरा, वाकडं तोंड. ते सगळं पुन्हा रंगवत बसायला वेळ कुणाला आहे? त्यापेक्षा अण्णांनाच तयार करून नवा काढलेला बरा.

२१ मार्च

सकाळीच गेलो. "पहिल्यांदा जाताय, रिकाम्या हाताने जाऊ नका," ही म्हणाली. म्हटलं, नाही जात. इस्त्रीचा शर्ट घेतला होता आणि केसांचा रंग.

खोली माझ्या मॉडेलबरहुकूम. पलंग डावीकडे, कपाट उजवीकडे. अण्णा खिडकीशी बसले होते, पायात बूट. नाड्या तिथल्या मावशींनी बांधून दिल्या म्हणे. मला बघून उठायला लागले, वाटलं असेल न्यायला आलोय. मी आधीच सांगून टाकलं.

"पुसला गेलो?"

"चुकून झालं अण्णा."

"सगळीकडून?"

"हो. पण आजच परत घालतो."

मान हलवली. मावशींनी केस रंगवून दिले, शर्ट चढवला. खोलीत उजेड पुरेना म्हणून गच्चीवर नेलं. ऊन चांगलं होतं, सावली स्वच्छ पडत होती. वॉकर काढून मावशींच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "जास्त वेळ नका हं उभं करू." कोण करतंय!

"सरळ उभे राहा अण्णा. हात बाजूला. नजर समोर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, असं पाहिलं की मला कॅमेरा खाली घ्यावासा वाटला. मग हात बाजूला सोडले आणि समोर बघायला लागले. उन्हाने डोळे मिटत होते, मी म्हटलं मिटू नका. पहिला हलला. दुसऱ्यात तोंड वाकडं. पाय लटपटायला लागले होते, पण तेवढं कापता येतं.

"बसू का सर?" अण्णा म्हणाले.

सर! कुठून काढलं कोण जाणे. गोळ्यांची गुंगी असेल. मावशींना हसू फुटलं.

"अजून नाही," मी म्हटलं. "हसला नाहीत तुम्ही."

मग हसले. तो फोटो चांगला आला.

२२ मार्च

नवे अण्णा काल रात्रीच लायब्ररीत टाकले आणि इमारत एका झटक्यात भरली. आधीच्यापेक्षा चांगले दिसतात, खरं हसू ते खरंच. अत्तरवाले खूश, तिसऱ्या इमारतीचं कामही मलाच देणार.

हिचं काय बिनसलंय कळत नाही. सकाळी उठून गिऱ्हाइकांच्या दोन्ही खुर्च्या उचलून जिन्याखाली नेऊन ठेवल्या. मी परत आणून मांडल्या. मग स्क्रीनकडे बघत म्हणाली, "आपल्या घरात नाही घातलं त्यांना?"

"नाही," म्हटलं. "उगाच लाल होतं."